तोरणमाळचा उतार

...आणि म्हणे उतार! अहो कसला उतार, कुठला उतार, समोर नुसती भिंत उभी, भिंतीवर खडी सांडलेली, खडीवर सायकल, सायकलवर मी, आणि पार तिकडे पुढे आमचे हे, मान न वळवता ओरडताहेत, "मयुरी, एवढा चढ संपला ना, की पुढे सगळा उतारच आहे!" तुम्हाला सांगते, तोरणमाळला दोन दिवसांत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की आता कुणी जिन्यावरून उतरताना 'उतर' म्हणालं तरी माझ्या मांड्या थरथरतात.

मी तशी कमी बोलणारी. माहेरी पहूरला कुणालाही विचारा. आणि सासरी जळगावला तर माझा आवाज अजून कुणी धड ऐकलेलाच नाही, कारण बोलणार कधी? लग्नाला दीड महिना झाला, पण पाहुणे हलायला तयार नाहीत. आधी पूजेचे पाहुणे, मग चुलत सासूबाईंचा मोतीबिंदू, मग लग्नाला यायला जमलं नाही म्हणून आता आलेले, मग त्यांना न्यायला आलेले... नवऱ्याशी बोलायचं तर आधी हॉलमधल्या गाद्या ओलांडा, आणि तिथे पोहोचेपर्यंत कुणीतरी उठून विचारणार, "पाणी का गं?"

आणि मला तर बोलायचंच होतं! मी फिजिओथेरपी शिकलेय. लग्नाआधी धुळ्याला एका दवाखान्यात मुलाखत दिली होती, आणि त्यांचा फोन आला लग्नानंतर, की या, सोमवारपर्यंत कळवा. आठवडाभर तिथेच, देवपूरला मावशीकडे राहायचं, शनिवारी घरी यायचं. आता हळद उतरली नाही तोवर सूनबाई धुळ्याला राहायला निघाल्या, हे सासूबाईंसमोर बोलणार कोण? माझी काय छाती! आधी ह्यांच्या कानावर घालायचं, ते हो म्हणाले तर पुढचं. ते नाही म्हणाले तर... तर मग काय, गुडघ्यांचं शिकलेलं सगळं सासरच्या गुडघ्यांवर.

अशात हे म्हणाले, "शनिवार-रविवार आपण दोघंच तोरणमाळला जाऊ." दोघंच! सातपुड्याची थंड हवा, वर पठार, पठारावर तळं... मी लगेच मनात वाक्य जुळवायला घेतलं. 'अहो, एक सांगायचं होतं.' छान आहे की नाही? नरम आहे. आणि निघायच्या सकाळी बाहेर येऊन बघते, तर गाडीच्या टपावर दोन सायकली उताण्या बांधलेल्या!

आमचे सासरे, चुडामण आबा, केळीच्या बागेतून नुकतेच आलेले. त्यांनी गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारली. "हितेंद्र, गाडी हाये तं सायकल कायले? आन् सायकल हाये तं गाडी कायले? बैलाले खांद्यावर घेऊन वावरात चालला का रे तू?" सासूबाईंनी काही न बोलता केळीची अख्खी फणी माझ्या मांडीवर ठेवली. "खाय वं पोरी. नवऱ्याच्या मांगं पळायचं हाये तुले."

आता तुम्ही म्हणाल, सायकल येते असं सांगितलंस कशाला? मी नाही हो सांगितलं! बघायला आले होते तेव्हा ह्यांनी विचारलं, "सायकल चालवता का?" मी तोंड उघडायच्या आत आमचे रुपचंदकाका म्हणाले, "सायकल? आमची मयुरी सायकलशिवाय पाऊल टाकत नाही!" खोटं नव्हतं. शाळेत जायचे की मी, सपाट रस्त्यानं, पुढे टोपली, टोपलीत डबा, वाटेत मैत्रीण भेटली की उतरून गप्पा. मला वाटलं, कुणी स्वयंपाक येतो का विचारतं, कुणी सायकल. मला काय माहीत, ह्या माणसाला अख्ख्या आयुष्यात तेवढं एकच विचारायचं होतं!

आणि ह्या प्रकाराला ग्रॅव्हल म्हणतात बरं का. म्हणजे काय, तर चांगला डांबरी रस्ता डोळ्यांसमोर असताना तो सोडायचा आणि मुद्दाम खडी, मुरूम, गोटे शोधत जायचं. अहो, खडीसाठी सातपुडा कशाला? आमच्या गल्लीत पाइप टाकायला खणून ठेवलंय, तिथे मारा की फेऱ्या! पण हे मी मनात म्हटलं. मी कमी बोलणारी.

तळं मात्र सुरेख. इतक्या उंचावर इतकं पाणी, आणि आमच्याकडे नळाला येतं कधी तर येतं! काठावर मगनभाऊंची चहाची टपरी, टपरीसमोर पाण्याकडे तोंड करून एक बाक. मी बाक बघितला आणि ठरवलं, इथेच. चहा येईल, वारा असेल, मी म्हणेन, 'अहो, एक...' तर हे टांग टाकून बसलेसुद्धा! "आधी तळ्याभोवती एक फेरी. हे बघ, मोबाइलवर तीन वाटा दिसताहेत." मगनभाऊ शहाद्याकडचे, त्यांनी मोबाइलात डोकावलं. "भाऊ, हाई रस्तावर आम्हना ढोरं बी जातस नही. पुढे बठ्ठा चढ शे." म्हणजे पुढे सगळा चढच! हे हसले. "चढ संपला की पुढे सगळा उतारच ना!" मगनभाऊंनी माझ्याकडे बघितलं, आणि माझा चहा गुपचूप परत किटलीत ओतला.

ती एक फेरी दोन दिवस चालली. दीड महिन्यात ह्यांचा चेहरा जेवढा दिसला नव्हता, तेवढी दोन दिवसांत पाठ दिसली. एका वळणावर गाठलंच मी. "अहो, एक सांगायचं..." "बोलू नकोस, श्वास वाया जातो!" संध्याकाळी टेकले तर जेवता जेवता झोपले, हातात भाकरी तशीच. रविवारी सकाळी पुन्हा खोगीर... आणि पुढे पुन्हा सगळा उतारच! सोमवार माझ्या अंगावर चालून येतोय आणि माझा नवरा झाडीत दिसेनासा होतोय, सांगा, ह्याला एकांत म्हणायचं?

दुपारी मात्र एका चढावर आरोळी आली. "आईगं!" वर जाऊन बघते तर सायकल आडवी, शेजारी हे आडवे. पोटरीत गोळा आलेला. तुम्हाला सांगते, देवाची शपथ, काळजीच्या आधी मला आनंद झाला. सापडले! एका जागी! मी खाली बसले, टाच तळहातात धरली, गुडघा सरळ केला, पाऊल त्यांच्याकडे दाबलं, आणि दाबता दाबता एका दमात सगळं सांगून टाकलं. नोकरी, धुळं, मावशी, शनिवार, सोमवार... सगळं.

ह्यांचा चेहरा असा पिळवटलेला! आता तो पोटरीमुळे की नोकरीमुळे, कळणार कसं? खाली तळं चमकत होतं आणि मी पाऊल धरून बसले होते. सोडावं तर गोळा, धरावं तर उत्तर नाही.

"मयुरी," हे म्हणाले, "हे आधी नाही का सांगायचंस?"

आधी!

"उद्या हो कळवून टाक. आईला मी सांगतो. एवढं शिकलीस ते घरी बसायला का?"

पाऊल जरा जास्तच दाबलं गेलं बहुतेक, कारण हे पुन्हा ओरडले. मग दोघंही हसलो. लग्नानंतर पहिल्यांदा एकत्र हसलो असू, तेही धुळीत बसून. मला वाटलं, इथेच थांबावं आता.

पण ह्यांचा हात खिशात गेला. मोबाइल निघाला. डोळ्यांत ती चमक आली.

"हे बघ, शनिवारी काम संपलं की तू धुळ्याहून सायकलवर निघायचं. मी जळगावहून निघतो. पारोळ्याला भेटायचं आणि तिथून जोडीनं घरी! हायवेनं नाही, आतून, शेताशेतांतून. आणि गंमत बघ, धुळं वर, जळगाव खाली... म्हणजे खरंच सगळा उतारच आहे!"

आणि परत जाताना? ते त्यांनी बघितलं नाही, मीही विचारलं नाही. होकार मिळाला होता, त्यात मिठाचा खडा कशाला? "बरं," म्हटलं. मी कमी बोलणारी.

काय आहे, सरकारनं बायकांना एसटीचं तिकीट निम्मं केलं, तर केवढा गाजावाजा झाला. आमच्या ह्यांनी पूर्णच्या पूर्ण माफ केलं, कुणाला पत्तासुद्धा नाही!