कॅमेऱ्यासमोरचा हात

मनगटाला पट्टा बांधलेला बसड्रायव्हर फिजिओथेरपीच्या दाराबाहेर नंबराची वाट बघत होता. समोर एक उंचापुरा नवरा आणि त्याची शिंपीण बायको उभ्याउभ्याच भांडत होती.

"कॉम्प्युटर म्हणाला, हात डोक्याच्या वर गेला. मी लगेच धाकटीला फोन करून सांगितलंसुद्धा!"

"मलाही वाटलं, गेलाच."

"अहो, तो तुमचा हात होता! माझ्यामागे उभं राहून वर कशाला करत होतात? कॅमेऱ्यानं तुमचाच मोजला."

"तू उचलायला लागलीस की माझाही आपोआप उचलला जातो. बाळाला भरवताना आपलं तोंड उघडतं ना, तसं."

"आता आतल्या फिजिओथेरपीच्या बाई पुन्हा मोजणार. माझा तर खांद्याच्या वर सरकत नाही."

"सरकेल गं. मी मागे उभा राहून..."

"खबरदार! बाहेर बसायचं."

"बसतो. मनातल्या मनात उचलला तर चालेल?"

"थांबा, कानच पिळते तुमचा!"

"आई गं! अगं... अगं, हा तुझा दुखरा हात!"

"अगंबाई! सोडू?"

"सोडू नकोस! अशीच आत चल. अहो बाई, लवकर मोजा! कान माझा आहे, पण हात हिचाच!"