डाव्या हाताची पारख

आजच्या सभेच्या अध्यक्षा आणि ज्यांच्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आपण अकरा वर्षं खुर्च्या सरकवत आलो त्या ग्रंथपाल बाई, खेळण्यांचं दुकान लवकर बंद करून आलेले प्रमुख पाहुणे, आपल्या मंडळाचे मावळते प्रमुख आणि आजचे सत्कारमूर्ती, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, कार्यकारिणीतले माझे सहकारी आणि दीपवीरावर जीव ओवाळून टाकणाऱ्या बंधुभगिनींनो,

चिटणीस या नात्यानं मला दहा मिनिटं दिली आहेत आणि त्यात सत्कारमूर्तींचा गौरव करायचा आहे. तो मी करणार आहे. फक्त एक अडचण आधीच सांगून ठेवतो. मी बत्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. चूक दिसली की माझं पेन आपोआप चालतं. तेवढं सांभाळून घ्यावं.

वहिनींच्या माहेरची काही मंडळी आज पहिल्यांदाच इथं आली आहेत, त्यांच्यासाठी थोडा खुलासा. एक जपानी मालिका होती. एका बेटावर दीपस्तंभ सांभाळणारा एक साधा माणूस. संकट आलं की तो डोंगराएवढा होतो, त्याच्या कपाळावर दिवा लागतो आणि समुद्रातून वर आलेल्या राक्षसाशी तो झुंजतो. एकंदर बावन्न भाग. दर भागाला एक नवा राक्षस आणि पुठ्ठ्याचं एक शहर भुईसपाट. ती मालिका आपल्या भाषेत आली तेव्हा त्या वीराचं नाव दीपवीर ठेवलं गेलं. त्याच्या वीतभर उंचीच्या रबरी प्रतिकृती निघाल्या. त्यांना आपल्या मंडळात 'फिगर' म्हणायचं असतं. 'बाहुली' म्हटल्यावर तोंड पाडून बसलेले पन्नाशीचे गृहस्थ मी पाहिले आहेत. त्यातले तीन आत्ता दुसऱ्या रांगेत आहेत.

आपलं मंडळ चर्चा करतं. केवढी चर्चा करतं, विचारू नका. बाविसाव्या भागात दीपवीराच्या बुटाला पाच बंद आहेत की सहा, यावर आपण लागोपाठ सात रविवार बोललो. पाचवाले खिडकीकडे बसायला लागले, सहावाले कपाटाकडे. दोन सख्ख्या साडूंनी एकमेकांशी बोलणं टाकलं. त्या भागात दीपवीर वाचवतो कुणाला, असं मी मध्येच एकदा विचारलं. कुणालाच चटकन सांगता आलं नाही.

आणि या सगळ्या ज्ञानाचे मेरुमणी म्हणजे आपले सत्कारमूर्ती. ठोकर लागलेल्या गाड्यांची पाहणी करून विमा कंपनीला अहवाल देणं हा त्यांचा व्यवसाय, पण आपण त्यांना कोशकार म्हणतो. चारशे पानांची वही आहे त्यांची. पांढरे हातमोजे आहेत, भिंग आहे. एखादी फिगर त्यांच्या हातात गेली की खोलीत श्वास घ्यायचीही चोरी. मग ते दोनच शब्द बोलतात, 'अस्सल' किंवा 'कचरा'. दुसरा शब्द ऐकून घरी गेलेले बरेच जण परत आले नाहीत. त्यांची जागा आपण कधी भरून काढली नाही, आपल्याला ती रिकामी झाल्याचं कळलंच नाही.

तर कोशकारांच्या पारखीचा एक प्रसंग सांगतो. गौरवाच्या भाषणात प्रसंग सांगावाच लागतो.

मागच्या वर्षी एका रविवारी एक बाई आल्या. बसमध्ये कंडक्टर. गणवेशातच आल्या होत्या, कामाची पाळी संपवून थेट. पिशवीतून त्यांनी टॉवेलात गुंडाळलेला दीपवीर काढला. जुना, पहिल्या खेपेतला. डावा हात खांद्यापासून नाही.

"हा माझ्या दादाचा," त्या म्हणाल्या. "दादा गेला चार महिन्यांपूर्वी. याचा हात कुठं मिळेल का, एवढंच विचारायला आले."

कोशकारांनी हातमोजेसुद्धा घातले नाहीत. "खंडित वस्तूला आमच्याकडे किंमत नाही, बाई. हे दुरुस्तीचं दुकान नव्हे."

"किंमत नकोय हो. विकायचा नाहीये. हात हवाय."

"तेच सांगतोय. नाही मिळत."

बाई टॉवेल गुंडाळायला लागल्या. कुणी त्यांना बसा म्हटलं नाही. मीही नाही. मी इतिवृत्त लिहीत होतो.

तेव्हा शेवटच्या खुर्चीवरून दातवाले काका उठले. जुन्या सदस्यांना ते आठवत असतील. दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवायच्या हे त्यांचं काम. माझ्या तोंडातली कवळी त्यांनीच केलेली आहे, म्हणून तर मी इतकं स्पष्ट बोलू शकतो आहे. दर रविवारी यायचे, कोपऱ्यात बसायचे, चहा झाला की जायचे. नऊ वर्षांत त्यांच्या नावावर इतिवृत्तात एक वाक्य नाही. त्यांनी बाईंना जिन्यात गाठलं. इतिवृत्त मिटून मीही निघालो होतो आणि पायऱ्यांवर चप्पल शोधत होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"हात तुटला कसा?" काकांनी विचारलं.

बाईंनी पिशवी पायरीवर टेकवली. मग म्हणाल्या, "मीच उपटला. मी सात वर्षांची, दादा दहाचा. मला खेळायला देत नव्हता म्हणून. हात गटारात टाकला. दादानं आईला सांगितलं नाही. मला काही बोलला नाही. मरेपर्यंत हा त्याच्या खाटेच्या वरच्या फळीवर होता, असाच, एका हाताचा."

काकांनी खिशातला रुमाल पसरला आणि म्हणाले, "द्या इकडे. वेळ लागेल."

बावीस दिवस लागले. मी एकदा कवळी घासून घ्यायला गेलो होतो, तेव्हा त्यांचं काम पाहिलं. खोलीभर कवळ्या, प्रत्येकीला नावाची चिठ्ठी, आणि त्यांच्या मधोमध दीपवीर उभा. दीपवीराची उजवी मूठ वळलेली असते आणि डावा तळवा समोर उघडा, थांब म्हटल्यासारखा. म्हणजे उजव्या हाताचा साचा घेऊन भागत नव्हतं. काका मालिकेतलं दृश्य थांबवून थांबवून बघत होते आणि कवळीच्या मसाल्यातून एकेक बोट घडवत होते. रंग जमेपर्यंत त्यांनी तीन हात टाकून दिले. चौथा बसवला. मी बोट फिरवलं तर सांधा लागेना.

मग आला आपला वर्धापनदिन आणि प्रदर्शन. कंडक्टर बाई दीपवीराला घेऊन आल्या, बाकीच्यांसारखा टेबलावर ठेवला आणि बाजूला उभ्या राहिल्या. एका शब्दानं कसला दावा केला नाही. हे मी पुन्हा सांगतो, कारण पुढं हेच विसरलं गेलं. एका शब्दानं नाही.

कोशकार टेबलापाशी थांबले. हातमोजे चढवले, भिंग काढलं. अकरा मिनिटं पाहिलं. या बाईंना आपण एकदा परत पाठवलं होतं, हे त्यांच्या लक्षातही नव्हतं. मग त्यांनी सगळ्यांना जवळ बोलावलं.

"पहिली खेप. अस्सल. कुणाचाही हात न लागलेली," ते म्हणाले. "आणि हा डावा हात बघा. बोटांची ठेवण बघा. असं काम आता जपानमध्येसुद्धा होत नाही."

टाळ्या पडल्या. फिगर मधल्या कपाटात काचेआड गेली. कार्डावरचा मजकूर मी लिहिला, ऱ्हस्वदीर्घासकट बिनचूक. बाईंनी घाबरून काकांकडे पाहिलं. काका पुढं आले. ते गप्प बसले असते तर त्यांचं काय बिघडणार होतं?

"साहेब, तो हात मी केलाय," ते म्हणाले. "कवळीच्या मसाल्याचा आहे. तुम्हाला आवडला, बरं वाटलं."

यातलं शेवटचं वाक्य त्यांनी अगदी मनापासून म्हटलं होतं. त्यांना खरंच बरं वाटलं होतं. मागं कुणीतरी हसलं, आणि त्या हसण्यानं कोशकारांचा चेहरा जो उतरला, तो मी विसरणार नाही.

"ही फसवणूक आहे," ते म्हणाले.

फिगर चौकशीसाठी ठेवून घेतली गेली. तिसऱ्या दिवशी आपल्या कार्यकारिणीची बैठक भरली, याच खोलीत. आम्ही आठ जण होतो. त्यातले सहा आज व्यासपीठावर आहेत. ठराव असा झाला की, बनावट अवयव जोडून मंडळाची फसवणूक केल्याबद्दल दातवाल्या काकांचं सदस्यत्व रद्द करावं. पत्र मी लिहिलं. सुंदर पत्र होतं. त्यात एकच शब्द चुकला होता, 'फसवणूक', आणि तो चुकला आहे हे मला दिसत होतं. बत्तीस वर्षं लोकांचे अनुस्वार पकडणाऱ्या माणसानं तो शब्द तसाच जाऊ दिला. दुसऱ्यांना नावं ठेवताना स्वतःला वगळणं बरं दिसत नाही, म्हणून हेही सांगितलं.

त्यानंतर जे झालं ते इतिवृत्तात नाही. कोशकार म्हणाले, "निदान फिगर तरी शुद्ध करून परत देऊ." त्यांनी ती उचलली, तोंड स्वतःकडे धरलं, आणि आपल्या डाव्या बाजूला जो हात आला तो पिरगळून उपटला.

समोर तोंड करून उभ्या असलेल्या माणसाचा डावा हात आपल्या कुठल्या बाजूला येतो, हे पहिलीतल्या पोराला विचारा.

कोशकार, बसा ना. वहिनी, त्यांना जरा पाणी द्या. अजून दोन मिनिटं आहेत माझी.

तो तुकडा माझ्या हातात दिला गेला. मूठ वळलेली होती. आतून पोकळ रबर होतं. कवळीचा मसाला टणक आणि भरीव असतो, मी तो दिवसातून दोन वेळा धुतो, मला माहीत आहे. म्हणजे तोडला गेला तो कारखान्यातून आलेला, मूळचा, दादाचा उजवा हात. काकांनी केलेला हात जागच्या जागी होता. मी वर पाहिलं. आणखी दोघांच्या लक्षात आलं होतं. ते छताकडे बघत होते. मी पाकीट घेतलं, तुकडा आत टाकला, वर लिहिलं 'बनावट भाग' आणि कपाटात ठेवून दिला.

फिगर परत द्यायला बसडेपोत मीच गेलो. बाईंनी टॉवेल उघडला, बराच वेळ बघितलं.

"हा हात तर दादाच्या वेळचा होता," त्या म्हणाल्या. "हा मी नव्हता मोडला."

त्या रडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी टॉवेल पुन्हा गुंडाळला, गळ्यात तिकिटांची बॅग अडकवली आणि गाडीवर गेल्या.

मला यातून बाहेर पडायला आठ महिने लागले. गेल्या महिन्यात कोशकारांना बढती मिळून परगावी बदली झाल्याचं कळलं, निरोपाच्या तयारीसाठी कपाट उघडलं, आणि ते पाकीट हाताला लागलं. घेऊन काकांकडे गेलो. ते एक वरची कवळी घासत होते. मी पाकीट पुढं केलं. त्यांनी माझं अक्षर वाचलं.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"माहीत असताना?"

"हो."

त्यांनी यंत्र बंद केलं. "नऊ वर्षं मी तिथं कशाला येत होतो माहीत आहे? घरी बोलायला माणूस नाही आणि मला ती मालिका आवडते. एवढंच. बंद मोजायला नव्हतो येत." मग तुकडा उजेडात धरून म्हणाले, "कड साफ तुटलीये. बसेल. बाईंना निरोप द्या."

बसला. मी आजच्या समारंभाचं निमंत्रणही त्यांना दिलं होतं. ते म्हणाले, "नको. रविवारी मोकळे असाल तर तुम्हीच या इकडे."

तेव्हापासून रविवारी आम्ही तिघं त्यांच्या त्या खोलीत बसतो. काका, कंडक्टर बाई आणि मी. एक भाग लावायचा आणि पूर्ण बघायचा. मध्ये कुणी थांबवत नाही. गेल्या रविवारी एकतिसावा भाग लागला. त्यात राक्षस वाट चुकून किनाऱ्याला लागलेला असतो आणि दीपवीर त्याला मारत नाही. कपाळावरचा दिवा खोल समुद्राकडे वळवतो आणि तो परत जाईपर्यंत तसाच उभा राहतो. बराच वेळ उभा राहतो. पडद्यावर काही घडत नाही.

बाई म्हणाल्या, "दादा इथं उठून जायचा. मला वाटायचं, मारामारी नाही म्हणून कंटाळला."

 भाग संपल्यावर काकांनी उठून तो पुन्हा पहिल्यापासून लावला.

एकतिसाव्या भागावर आपल्या मंडळाची टाचणं आहेत. मी उघडून पाहिली. चौदा पानं आहेत, सगळी त्या राक्षसाच्या शेपटीच्या शिवणीबद्दल.

असो. कोशकारांना नव्या जागी भरपूर वस्तू मिळोत आणि त्या दाखवायला येणारी माणसंही मिळोत. मी पद सोडत असल्याचं पत्र टेबलावर ठेवलं आहे, ते कार्यकारिणीनं पाहिलं असेलच. सभागृह दिल्याबद्दल ग्रंथपाल बाईंचे, दुकान बंद ठेवल्याबद्दल पाहुण्यांचे आणि मध्येच न उठल्याबद्दल आपणा सर्वांचे आभार. बोलताना अनवधानानं काही अधिक-उणं गेलं असेल तर मोठ्या मनानं क्षमा करावी. जे समजून-उमजून बोललो आहे, ते मात्र नव्या चिटणिसांनी इतिवृत्तात जसंच्या तसं उतरवावं. शुद्धलेखन तपासून द्यायला मी येईन.