जावयाचं खारं पाणी

…न्हाई न्हाई, तुमी हसू नका, हसायला तुमचं काय जातंय! मुळशीतला माणूस पाण्यावर बोलायला लागला की धरणावर बोलतो, बापजाद्यांची शेतं कशी बुडाली त्यावर बोलतो. आन मी, भऱ्याचा हैबतराव, पारावर उभा ऱ्हाऊन बोंबलतोय ते कशावर? हातभर काचंच्या पेटीतल्या पाण्यावर! जावयाच्या पाण्यावर!

तुमाला सांगतो, आमची चंद्रा वैशाखात उजवली. जावई वाल्मीकराव, मुंबैला हापिसात. पोरगा गुणाचा, सुपारीचंबी व्यसन न्हाई, पण नाद माशांचा! खायचा न्हाई हो, बघायचा! ऐन पितरपाटात टरक घिऊन दारात हजर. काचंची पेटी, पेटीत दर्याचं पाणी, पाण्यात एक पिवळा मासा, अंगावर काळं पट्टं, आन बारीक फुलं फुटलेला एक दगड. म्हणतो, "मामा, चाळीत खोलीचं काम काढलंय, दिवाळसणाला येईन तेव्हा नेईन. दगडाला जपा, जिवंत आहे." दगड! जिता! बरं, पहिल्या वर्साचा जावई, त्याला न्हाई कोण म्हणणार? तुमी म्हणाल? मग मला काय इच्यारता!

मग म्हणतो, "माशाला हवा लागते, विजेचा पंप आणलाय." वीज? अवं, आमच्या पाण्याची वीज करून तुमी मुंबैला दिवं लावलं, आमच्या घरात अजून कंदील हाय! तो पंप फडताळात ठिवला आन गेलो पौडाला नबीलालकडं, सायकलीच्या दुकानात. त्यानं टरकची जुनी टूब दिली. टूबंत सायकलीच्या पंपानं हवा भरायची, तोंडाला बारीक नळी लावायची, नळीवर चिमटा, मग पेटीत बुडबुड बुडबुड. झाक चाललं, पण ती टूब भरायची कुणी? म्या! जेवायच्या आधी पंप, जेवल्यावर पंप, भजनातनं उठून पंप! बैलाला वैरण न्हाई टाकली तर बैल वरडतो तरी. हा मासा नुसता तोंड उघडून माझ्याकडं बघतो. आन हे कशापायी? तर जावयाच्या पाण्यापायी!

त्यात दर्याचं ताजं पाणी मुंबैवरनं डब्यात यायचं, ते पुण्याला जाऊन म्या आणायचं. पौडाच्या गाडीत कंडक्टर म्हणतो, "तेल हाय?" न्हाई. "काकवी?" न्हाई, पाणी. "धरणाच्या मुलखात पाणी नेताय?" बोट बुडवून चाखलं की त्यानं! आन थू थू करत म्हणतो, "आजोबा, तुमाला फसवलं, हे नासलंय!" सगळी गाडी हसली. म्या कुणाकुणाला सांगू, का जावयाचं पाणी हाय म्हणून!

तरी जपलं. का? मासा मेला तर जावई रुसणार, आन तो रुसला की त्याची आई माझ्या पोरीला जल्मभर ऐकवणार, "तुझ्या माहेरी एक मासा जगवता आला न्हाई!" त्या बोलण्याला भ्यालो मी.

आता त्या पाण्यात एक काचंची बाहुली तरंगती. जावयानं बजावलं व्हतं, "मामा, तिची तांबडी रेघ पाण्याला टेकलेली पाहिजे." दसऱ्याच्या उन्हानं पाणी आटलं, डबं बी सपलं. आमची कारभारीण धोंडा म्हणती, "अवं, खाऱ्यात गोडं घालाल तर मरंल ना ते! मीठ घालून घाला." पटलं मला. घातलं. बाहुली वर आली! परत पाणी आटलं, परत मिठाचं घातलं, बाहुली आणखी वर! धोंडा म्हणती, "चढती हाय, गुण आला." हिरीचं पाणी चढलं की आपण काय करतो? नारळ फोडतो. फोडला! पेटीम्होरं हळदकुकू वाहून फोडला! आळीत खोबरं वाटलं!

खोबरं सपलं न्हाई तोवर मासा आडवा. दगडावरची फुलं मिटली. दिवाळी तोंडावर, जावई वाटंत, आन मासा डोळं पांढरं करतोय! धोंडा रडत तुळशीचं पान घिऊन आली, "जाणाऱ्याच्या तोंडात पाणी घाला वं." माझं डोस्कंच फिरलं. म्हणलं, घे लेका! मिठात जगलास, आता मरताना तरी गोडं पी! तांब्यावर तांब्या वतला हिरीच्या पाण्याचा, शिव्या देत देत वतला! आन काय सांगू… बाहुली खाली खाली आली, आन सकाळी बघतो तर मासा उभा, पंगतीला बसल्यागत तोंड हलवतोय!

चंद्राला घिऊन जावई आलं. वाकून बघितलं. "मामा! बाहुली अगदी रेघेवर, म्हणजे पाण्यात मीठ बरोबर! मला मुंबईत कधी जमलं नाही. आता ही पेटी इथंच राहू दे!"

इथंच? म्या तरातरा मागल्या दारी गेलो, चंद्राला म्हणलं, तुझ्या नवऱ्याला अक्कल हाय का? तर ती म्हणती, "आबा, वरडू नका. मीच सांगितलं त्यास्नी, आमच्या आबांना लई हौस हाय म्हणून. लगीन झाल्यापासनं दर्याचं पाणी मीच हंड्यानं वाहायची. सासूबाई म्हणायच्या, कडंचं गढूळ नको, लाटंच्या आतलं आण." आन हात दाखवलं पोरीनं. मिठानं भेगा पडल्या व्हत्या. लई वाईट वाटलं हो.

राग? हाय की! पण काढू कुणावर? पोर सासरी सुखात नांदावी म्हणून कुणी सोनं घालतं, कुणी दुभती म्हस देतं… आमी टूबंत हवा भरतोय!