विनिताची दोरी

नाय बाय, सर्व्हेच्या कागदावर ‘मोकळी जागा’ असं नको लिहू. मोजणीची टेप ठेव खाली, बस त्या पेटीवर – ओली नाय ती. हे आमचं बोंबील सुकवायचं खळं. तुमच्यात काय म्हणतात, यार्ड ना? मला यार्ड म्हटलं की रेल्वेचं आठवतं, बाप माझा तिथे डबे धुवायचा. तो नाक्यावरचा भंगारवाला, त्याचाही यार्ड. आणि त्या बिल्डरचा माणूस येतो – मावशी, यार्ड खाली करा, गाड्या लावायच्यात. सगळ्यांचा यार्ड आहे, मग आमचाच का नको? तुला पायजे तो शब्द लिही, पण चालू आहे असं लिही. कुंपण? कुंपण कशाला गं, आमच्या दांडा कोळीवाड्यात शेंबडं पोरही सांगेल मासळी टांगायची कुठली दोरी कुणाची. ही माझी. ती शेजारचा धर्मा आहे ना, त्याच्या घरची. कोपऱ्यातली विनिताची, माझ्या जावेची – मागच्या गणपतीत वारली ती.

मग तिच्या दोरीवर हे बोंबील टांगले कुणी? निमेशने, तिच्या पोराने. सकाळी जुहूच्या हॉटेलात कामाला जायच्या आधी येतो – नाय, येत नाय तो. तुला खोटं कशाला सांगू. आमच्या घरात माणूस गेलं ना, की त्याच्या दोरीवर वर्षभर कुणी मासळी टांगत नाय. मग त्याच्याच रक्ताच्या माणसाने जबड्यात जबडा अडकवून बोंबलांची पहिली जोडी टांगायची. तुमचा आधीचा माणूस आला, रिकामी दोरी बघून म्हणाला, ही वापरात नाय. अरे, दुखवट्यात आहे ती, पण हे त्याला कसं सांगायचं? निमेशला फोन केला, वर्ष भरलं नाय तरी तू येऊन टांग म्हटलं, तर म्हणतो, काकी, सोडून दे ना यार. आईची जागा, आणि सोडून दे. म्हणून आज उजाडताच मीच टांगले. माझ्याच टोपलीतले. विनिता असती तर जन्मभर बोलली नसती माझ्याशी.

धर्माच्या दोरीवरचे? त्यांचे... तेही माझेच. त्यांनी धंदा कधीच सोडला. पलीकडचेही माझेच, सगळे माझेच, मी मंजुळा एकटीच उरलीय इथे – हे काय, लिहिलंस? खोड ते. बाय, खोड ना.

नाय खोडत? बरं. मग ऊठ, जा तू. मला विनिताच्या दोरीवरचे उतरवू दे, तिचं वर्ष तरी पाळू दे.