पावणेचारची बोट

नाव: फ्लाविओ गेझ्झो. वय: ५३ वर्षे. धंदा: नोकरी, हेड वेटर. राहणार: किओज्जा, मासळीबाजारामागची दुसरी गल्ली, घर क्रमांक ११.

मी आज सोमवारी सकाळी साडेदहा वाजता स्वतः ठाण्यात हजर राहून, फौजदार साहेबांनी विचारल्यावरून सांगतो ते असे.

मी वरील पत्त्यावर बायको आणि सासूसह राहतो. खाडीपलीकडच्या बेटावरच्या रेस्तराँमध्ये एकतीस वर्षांपासून नोकरीला आहे. आमच्याकडे जेवायचं तर महिनाभर आधी टेबल सांगावं लागतं. टेबलक्लॉथला दोनदा इस्त्री होते, एकदा धोब्याकडे आणि एकदा टेबलावर अंथरल्यावर. ही पद्धत ओत्तोरिनो झेन्नारो यांनी घालून दिली. ते चौदा वर्षांपूर्वी निवृत्त होईपर्यंत आमचे हेड वेटर होते. त्यांचं वय एकोणऐंशी होतं. आम्ही सगळे त्यांना मास्तर म्हणत असू. काल दुपारी ते मुलीबरोबर आमच्याकडे जेवायला आले होते आणि आज सकाळी पावणेसातला आमच्या बागेमागच्या जुन्या धक्क्यावर मृत सापडले. ते तिथे कसे गेले, याबद्दल माझा जबाब आहे.

मास्तर दर वर्षी नोव्हेंबरात, संत मार्टिनच्या सणानंतरच्या रविवारी येत. काल ते आणि त्यांची मुलगी लिव्हिआ बारा पन्नासला आले. लिव्हिआ पादोव्हाला राहते, शनिवार-रविवारी वडिलांकडे येते. बाहेर दाट धुकं होतं. मी दारात त्यांचा ओव्हरकोट घेतला. आत निळा कोट आणि टाय होता, पण शर्टाची बटणं एकेक घर खाली लागलेली होती. हे मी पाहिलं. वय झालं, असं मनात म्हणालो आणि त्यांना खिडकीजवळच्या चार नंबरच्या टेबलावर बसवलं.

इथे एक गोष्ट सांगणं भाग आहे, नाहीतर पुढचं कोणाला पटणार नाही. मास्तर नव्या वेटरची परीक्षा घेत. आपल्या सुट्टीच्या दिवशी गिऱ्हाईक बनून येत, शिंपल्यांची स्पगेत्ती मागवत आणि ती समोर आली की वर घालायला किसलेलं चीज मागत. शिंपल्यांवर चीज आमच्याकडे कोणी घालत नाही. मुकाट्याने चीज आणणाऱ्याला आठवडाभर चमचे पुसायला बसवत. तोंडावर नाही म्हणणाऱ्याला दोन आठवडे. ‘आणतो, पण आधी एक घास तसाच घेऊन बघा’, असं जो म्हणेल तो पास. त्याला मास्तर ‘शाबास’ म्हणून खाली बसवत आणि आपल्या ताटातलं खायला लावत. मी चीज आणलं होतं. निवृत्त झाल्यावरही जेवायला आले आणि नवा माणूस दिसला की ते हा खेळ करत. सगळं स्वयंपाकघर दाराच्या गोल काचेतून बघत उभं राहायचं.

काल चार नंबरला कोरिन्ना होती. तिचं वय एकेचाळीस, आमच्याकडे येऊन दोन महिने झालेत. त्याआधी ती घरी सासूची सेवा करत होती. दीडच्या सुमारास तिने स्पगेत्ती नेली आणि मास्तरांनी चीज मागितलं. आत सगळ्यांना आनंद झाला. आचारी कढई उतरवून काचेपाशी आला. कोरिन्नाला कोणी काही शिकवलं नव्हतं, तरी ती म्हणाली, “आणते हं काका, आधी एक घास तसाच खाऊन बघा ना.”

इथे मास्तरांनी ‘शाबास’ म्हणायला हवं होतं. ते म्हणाले, “मला चीज पाहिजे.” मग पुन्हा तेच, जरा मोठ्याने. लिव्हिआ त्यांच्या हातावर हात ठेवून हसली.

कोरिन्ना माझ्याकडे आली. आमचं बोलणं असं झालं.

“ते गंमत करत नाहीयेत. डोळ्यांत पाणी आलंय त्यांच्या.”

“धुक्यातून आलेत. येणारच.”

“माझ्या सासूबाईंचं असंच सुरू झालं होतं. घरातल्यांना वाटायचं म्हातारी खोड्या काढतेय.”

“तू आलीस कधी, बाई? मी त्यांना एकतीस वर्षं ओळखतो. यंदा त्यांनी खेळ लांबवलाय, एवढंच.”

“मग जा तुम्हीच. मला नाही जमणार.”

मी स्वतः चीज नेलं. चांदीच्या ताटलीत, हातावर रुमाल टाकून, दोन वेटर मागे घेऊन. मास्तरांच्या ताटात किसून घातलं. आचाऱ्याने टाळ्या वाजवल्या, मग हॉलमधल्या चार-सहा टेबलांनीही वाजवल्या. मास्तरांनी सगळ्यांकडे पाहिलं, मान लववली आणि खायला लागले. ताट पुसून खाल्लं. खाताना ते एकदाही हसले नाहीत. गिऱ्हाइकाचं तोंड बघून त्याच्या मनातलं ओळखायचं, याचाच मी पगार घेतो.

जेवणाला तीन वाजले. लिव्हिआने मला बाजूला घेऊन सांगितलं की बाबा हल्ली किल्ल्या साखरेच्या डब्यात ठेवतात, रात्री उठून बूट घालतात. “पण इथे आले की बघा कसे खुलतात. इथे ते बरे असतात.” मी म्हणालो, “असणारच. हे त्यांचंच घर आहे.” तीन वीसला ती बहिणीशी फोनवर बोलायला बाहेर गेली. आत आम्ही फोन चालवून घेत नाही. हाही मास्तरांचाच नियम. जाताना ती मला म्हणाली, “जरा लक्ष असू द्या.” मी हो म्हणालो.

ती गेल्यावर मास्तर उठले. नॅपकिनची घडी हातावर टाकली आणि सात नंबरवर गेले. तिथे वेरोनाचं एक कुटुंब होतं. टेबलावरचे पावाचे कण त्यांनी सफाईने ताटलीत गोळा केले आणि विचारलं, “सगळं मनासारखं झालं ना?” ती माणसं खूश झाली. मास्तरांनी चार उष्टे चमचे उचलून खिशात टाकले. ते चमचे आज त्यांच्या कोटात सापडले आणि फौजदार साहेबांनी मला चोरीबद्दल विचारलं. ती चोरी नाही. हात भरलेले असले की आम्ही सगळेच चमचे खिशात टाकतो.

तीन पंचवीसच्या सुमारास ते कॉफीच्या काउंटरपाशी माझ्याकडे आले. मला ‘सान्ते’ म्हणून हाक मारली. सान्ते आमचा जुना आचारी, वारून बारा वर्षं झाली. एक-दोन गोष्टी बोलून ते स्वयंपाकघराच्या बाजूने गेले. संडासाला गेले असतील असं मला वाटलं. त्यांचा ओव्हरकोट दारामागेच टांगलेला राहिला.

तीन चाळीसला लिव्हिआ आत आली. “बाबा कुठेत?” तिने विचारलं. आम्ही संडास, तळघर, धुलाईची खोली पाहिली. चार वाजता गिऱ्हाइकांची माफी मागून आम्ही सगळे बाहेर पडलो. सरकारी बोटीचा थांबा, चर्च, मास्तरांची बायको जिथे पुरली आहे ते कबरस्तान, सगळं पाहिलं. धुक्यात दहा पावलांवरचं दिसत नव्हतं. सव्वापाचला मी ठाण्याला फोन केला. ठाण्यातली माणसं आली, अंधार पडल्यावरही शोध चालू राहिला.

जुन्या धक्क्याबद्दल विचारल्यावरून सांगतो. तो आमच्या भाजीच्या बागेमागे, मिठाच्या पडक्या कोठीच्या पलीकडे आहे. पूर्वी रेस्तराँची स्वतःची बोट होती. ती दुपारच्या जेवणानंतर पावणेचारला आम्हाला तिथून किओज्जाला घरी सोडायची आणि साडेसहाला परत आणायची. मास्तर सगळ्यांच्या आधी धक्क्यावर जाऊन उभे राहत आणि डोकी मोजत. शेवटचा माणूस आल्याशिवाय ते बोटीत पाय ठेवत नसत, मग पाऊस असो, थंडी असो. भांडी घासणाऱ्या बाईसाठीही त्यांनी एकदा पाऊण तास बोट थांबवली होती. बोट एकोणीस वर्षांपूर्वी विकली. तेव्हापासून बागेचं फाटक तारेने बांधून ठेवलेलं असतं, म्हणून काल तिकडे कोणी पाहिलं नाही. आज सकाळी एक मासेमार जाळी बघायला खाडीच्या बाजूने आला, तेव्हा त्याला धक्क्यावरच्या दगडावर कोणीतरी बसलेलं दिसलं. नॅपकिन हातावरच होता. डॉक्टरांचं म्हणणं, थंडीने गेले, साधारण रात्री आठच्या सुमारास.

मास्तर धक्क्याकडे का गेले, असं फौजदार साहेबांनी विचारलं. त्यांचं डोकं ठिकाणावर नसावं, त्यामुळे मला नक्की सांगता येणार नाही.

एवढाच माझा जबाब आहे. टंकलेखक बाईंनी तो मला वाचून दाखवला.

पुरवणी जबाब, त्याच दिवशी, दुपारी बारा वाजता.

वरील जबाब वाचून दाखवल्यावर मी सही केली नाही. पाणी मागितलं. बाहेरच्या बाकावर लिव्हिआ बसली होती. तिने मला सांगितलं की तिने तिच्या जबाबात ‘माझ्या फोनपायी बाबा गेले, चूक माझीच’, असं लिहून दिलं आहे, आणि बहिणीनेही तिला तेच ऐकवलं आहे. मग ती म्हणाली, “तुम्ही लोकांनी शेवटचा दिवस किती छान केलात त्यांचा. ते चीज वगैरे.” मी आत परत आलो आणि आणखी सांगायचं आहे असं म्हणालो.

काउंटरपाशी मास्तर एक-दोन गोष्टी बोलले असं मी वर सांगितलं. त्या गोष्टी अशा.

ते म्हणाले, “सान्ते, आज बोट किती वाजता?”

मला वाटलं, खेळ अजून चालूच आहे. आपण मास्तरांना उलटं खेळवू, असा मला मोह झाला. मी सान्तेचा आवाज काढून म्हणालो, “पावणेचारला, मास्तर. नेहमीसारखी. काय विचारता?”

ते घड्याळाकडे बघत म्हणाले, “मग निघायला हवं. सगळ्यांना सांगितलंस?”

“सांगितलं.”

“आणि तू?”

माझ्यासमोर पाच कॉफ्या थांबल्या होत्या. मी मान वर न करता म्हणालो, “तुम्ही व्हा पुढे. आलोच मी.”

त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि ते गेले. त्या वेळी मी हसत होतो.

आणखी सांगतो. काल साडेपाचला, बाकीचे कबरस्तानाकडे गेले असताना, मला हे बोलणं आठवलं. मी एकटाच बॅटरी घेऊन बागेच्या फाटकापर्यंत गेलो. तार जशीच्या तशी गुंडाळलेली होती. आता कळतं की ते पलीकडे गेले आणि त्यांनी ती तिकडून पुन्हा बांधली. मागे दार उघडं टाकून जाणं त्यांना आवडत नसे. मी तारेला हात लावला नाही. फाटकापासून धक्का साठ पावलांवर आहे, एक हाक पुरली असती. हाक मारली नाही. ती कोणी ऐकली असती तर मी इथेच का शोधतोय, असं विचारलं असतं, आणि मला सगळं सांगावं लागलं असतं. मी परत फिरलो आणि थांब्यावर जाऊन सगळ्यांबरोबर शोधत राहिलो. डॉक्टरांनी आठ सांगितले आहेत. त्यांचे आठ आणि माझे साडेपाच, हे दोन्ही आकडे जवळ जवळ लिहावेत अशी माझी विनंती आहे.

मास्तर धक्क्याकडे का गेले, याचं माझं आधीचं उत्तर खोडावं. त्यांना बोटीची वेळ मी सांगितली म्हणून ते गेले. लिव्हिआचा यात काही दोष नाही, तसं तिच्या कागदावर लिहावं. कोरिन्नाला सगळं आधीच कळलं होतं आणि मी तिला गप्प केलं, हेही लिहावं.

मास्तर तिथून उठून परत का आले नाहीत, असं फौजदार साहेबांनी शेवटी विचारलं. त्याचं उत्तर मला माहीत आहे. शेवटचा माणूस अजून आला नव्हता.

ही पुरवणी माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिली आहे. ती लिव्हिआ झेन्नारो यांना आत बोलावून त्यांच्यासमोर मोठ्याने वाचली. आता जबाब बरोबर आहे, म्हणून सही करतो.

फ्लाविओ गेझ्झो