मुकुंदभाऊंचा डाउनलोड बंद करताना

मंडळी, नमस्कार. मागं जे उभे आहेत त्यांनी पुढं येऊन बसा, खुर्च्या रिकाम्या आहेत. शोकसभेत पहिल्या रांगेत बसायला आपले लोक का लाजतात, कोण जाणे.

मी सुनंदा. टावर चौकात माझं टायपिंगचं दुकान आहे. म्हणजे आता सगळं कॉम्प्युटरवरच होतं, पण लोक अजून टायपिंगवाली ताईच म्हणतात. मला भाषणाची सवय नाही. दुसऱ्यांची भाषणं टाइप करायची आहे, शोकसभांचीसुद्धा. त्यात काय काय लिहितात ते मला पाठ आहे. काल दुपारी मी कागद घेऊन बसले आणि त्यातलं एकही वाक्य मुकुंदभाऊंच्या नावापुढं मला लिहवेना. म्हणून कागद आणलाच नाही. मध्ये थांबले तर सांभाळून घ्या.

मुकुंद पोतनीस. माधव नगरातले, टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले. परवा त्यांचा तेरावा झाला. आता माझ्याआधी तिघं बोलले की ते फार शांत होते, कधी कुणाला टोचून बोलले नाहीत. मंडळी, तुम्ही त्यांना लग्नामुंजीत भेटलात. मी त्यांना कॉम्प्युटरसमोर पाहिलं आहे. माझ्या गिऱ्हाईकांच्या देखत ते मला म्हणायचे, "ताई, हे दुकान आहे की कबाडखाना?" आणि मग त्याच कबाडासमोर दोन-दोन तास बसायचे.

ते काय करायचे, हे इथल्या अर्ध्या लोकांना माहीत नाही. वहिनींनासुद्धा पूर्ण माहीत नव्हतं, हो ना वहिनी? त्या म्हणायच्या, "ह्यांचं इंटरनेटचं काही तरी चालू असतं." ते काही तरी काय होतं, ते मी सांगते. मला समजलं तेवढं.

माझ्या दुकानात एक जुना कॉम्प्युटर आहे. त्यातली ऑपरेटिंग सिस्टम इतकी जुनी, की कंपनीनं तिला केव्हाच वाऱ्यावर सोडलं. पण मला तो टाकता येत नाही. लग्नपत्रिकांचं माझं सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालतं, आणि रुंद कागदाचा माझा प्रिंटर नव्या कॉम्प्युटरला ओळखच देत नाही. अडचण कुठं आली? इंटरनेटची. साइट उघडायला ब्राउझर लागतो, आणि नवे ब्राउझर जुन्या सिस्टमवर चढत नाहीत. जुना ब्राउझर ठेवला तर निम्म्या साइट उघडत नाहीत, आणि चोराला आत यायच्या फटी तशाच राहतात.

मुकुंदभाऊ काय करायचे? एका ब्राउझरचा कोड सगळ्यांसाठी खुला असतो. तो घ्यायचे. त्यात नव्या सिस्टमशिवाय चालणार नाही असं जे काही असेल ते काढायचे आणि त्या जागी जुन्या सिस्टमला झेपेल असं स्वतः लिहून बसवायचे. मग त्याचा नवा ब्राउझर तयार करायचा, आणि इंटरनेटवरच्या आपल्या एका पानावर ठेवून द्यायचा. ज्याला हवा त्यानं घ्यावा. मूळवाल्यांनी एखादी फट बुजवली की चार-सहा दिवसांत भाऊंच्या ब्राउझरमध्येही ती बुजलेली असायची. वर्षानुवर्षं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारणारं नव्हतं.

ब्राउझर तयार व्हायला त्यांच्या कॉम्प्युटरला सकाळपासून संध्याकाळ लागायची. एकदा वहिनींनी मिक्सर लावला आणि फ्यूज उडाला. सगळं काम पहिल्यापासून. त्यानंतर ज्या दिवशी भाऊंचं "चढवलेलं" असेल, त्या दिवशी वहिनी चटणी पाट्यावर वाटायच्या. मी त्या घरी कितीदा जेवले आहे. पाट्यावरची चटणी दिसली की समजायचं, उद्या भाऊ दुकानात येणार.

आणि यायचेच. पेन ड्राइव्ह रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात. आधी माझ्याकडे, मग स्कूटरवरून राम घाटाजवळ आपल्या पंडितजींकडे. पंडितजी बसलेत समोर. त्यांच्या यजमानांची सगळी नावं-गावं एका जुन्या प्रोग्रॅममध्ये आहेत, आणि तो कॉम्प्युटर माझ्या दुकानातल्यापेक्षाही म्हातारा. भाऊ म्हणायचे, पंडितजींकडे उघडला म्हणजे जगात कुठंही उघडेल. तिथं उघडल्याशिवाय ब्राउझर पानावर ठेवायचा नाही, हा त्यांचा नियम.

हा नियम आला कुठून, तेही ऐका. आधी असा नियम नव्हता. फेरी असायची, पण मनाला वाटलं तर. त्यांच्या मुलीच्या, अनघाच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी एक ब्राउझर तयार झाला. घरात पाहुणे, हलवाई, मांडववाला. भाऊंनी आपल्याच कॉम्प्युटरवर उघडून पाहिला, चालला, ठेवून दिला पानावर. त्यांचा कॉम्प्युटर आमच्यापेक्षा थोडा नवा. त्याच्या प्रोसेसरला जे जमत होतं ते आमच्या जुन्यांना जमत नव्हतं. दुसऱ्या दिवशी, ऐन साखरपुड्यात, पंडितजींचा फोन. "भैया, दरवाज़ा ही नहीं खुल रहा. दबाता हूँ, बंद हो जाता है."

भाऊ उठले. रेशमी कुर्ता, कपाळाला कुंकू, आणि थेट माझ्या दुकानात. दुकानाची चावी मागायला मला पंगतीतून उठवलं, तेव्हा माझ्या ताटात गुलाबजाम होता. मी म्हटलं, "भाऊ, आज? मुलीचा साखरपुडा आहे." ते म्हणाले, "ताई, लोकांनी जुना काढून हा टाकला आहे. त्यांच्याकडे आता काहीच उघडत नाही. आणि ते माझ्यामुळे." तिकडे व्याह्यांना वाटलं, मुलीच्या बापाला काही तरी खटकलं म्हणून निघून गेला. वहिनींनी कसं निभावलं, त्याच जाणोत. भाऊंनी कारण शोधलं, पण दुरुस्त ब्राउझर तयार व्हायला आणखी पूर्ण दिवस लागणार होता. तोवर पानावर त्यांनी दोन ओळी लिहिल्या, इंग्रजीत. अर्थ असा, की चूक माझी आहे, मी तपासायला गेलो नव्हतो, कालचा घेऊ नका. साखरपुडा होता असं लिहिलं नाही. मी म्हटलं, लिहा ना, लोक समजून घेतील. तर माझ्यावरच खेकसले, "त्यांचा काय संबंध?"

असा माणूस. शांत वगैरे नाही.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. ते सोपं नाही.

इंदूरच्या हॉस्पिटलात मी त्यांना भेटायला गेले तेव्हा वहिनी औषधं आणायला खाली गेल्या होत्या. भाऊंनी मला एक चिठ्ठी दिली. पानाचा पासवर्ड. म्हणाले, "ताई, मी गेलो की पहिलं काम, डाउनलोड बंद करायचा. त्याच दिवशी. वाट पाहायची नाही."

मी म्हटलं, असं अशुभ बोलू नका.

म्हणाले, "अनघाला सांगितलं तर ती रडेल. ही म्हणेल, राहू द्या, त्यांची आठवण आहे. तुम्ही कडक आहात. तुम्ही कराल."

मंडळी, मी केलं नाही.

त्या दिवशी केलं नाही, दुसऱ्या दिवशी केलं नाही, दहाव्याला केलं नाही. रोज दुकान उघडून मी ते पान बघत होते. त्यावर त्यांच्या हाताच्या ओळी आहेत. कुठली फट बुजवली, काय अजून अडतं. ते पान उघडं होतं तोवर मला वाटायचं, भाऊ पंडितजींकडे गेलेत, येतील. साठी उलटलेली बाई मी, दोन माणसं स्वतःच्या घरातली पोचवलेली. मला का कळत नव्हतं? कळत होतं. हात होत नव्हता. मला त्यांची फार आठवण येते, एवढंच कारण आहे, दुसरं नाही.

थांबते जरा.

हां. तर भाऊ गेल्यावर आठवडाभरात मूळ ब्राउझरवाल्यांनी एक मोठी फट जाहीर केली आणि त्यांच्याकडची बुजवली. भाऊंच्या ब्राउझरमध्ये ती आहे. आता सगळ्या जगाला माहीत आहे की ती कुठं आहे. भाऊ असते तर वहिनींनी पाटा काढला असता. आणि पानावर एकाचा निरोप आला. कुठल्या देशातला माहीत नाही, दाताचा डॉक्टर आहे, त्याचं एक्स-रेचं मशीन जुन्या कॉम्प्युटरवर चालतं. त्यानं विचारलं, नवा कधी येतोय? तोवर हाच वापरत राहू ना? तुमच्यावर भरोसा आहे.

तीन दिवस मी त्या निरोपाला उत्तर दिलं नाही. काय देणार होते? तो गेलेल्या माणसावर भरोसा ठेवून बसला होता, आणि माणूस गेला हे त्याला सांगायचं काम माझ्याकडे दिलेलं होतं. त्याच्या पेशंटांची नावं, फोटो, सगळं त्या कॉम्प्युटरमध्ये असेल. काही झालं तर त्याला वाटेल, पोतनीसांनी दगा दिला. मी दिला असता, नाव त्यांचं झालं असतं. साखरपुड्यातून उठून गेला तो माणूस, आणि मी इथं कशासाठी थांबले होते?

आपल्या मंडळाच्या सचिवांनी आत्ता फार प्रेमानं सुचवलं, की मुकुंदभाऊंचं हे काम असंच चालू राहू द्यावं, त्यांचं स्मारक म्हणून त्या पानावर त्यांचा फोटो लावावा, डाउनलोड कायम ठेवावा. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. सचिवसाहेब, राग मानू नका. ब्राउझर म्हणजे लोणचं नाही, जितकं मुरेल तितकं चांगलं. हे दूध आहे. रोज पाहावं लागतं. पाहणारा गेला की भांडं ओट्यावर ठेवायचं नसतं, कितीही प्रेम असलं तरी.

मग पुढं कुणी करणार नाही का, असं विचाराल. अनघा याच क्षेत्रातली आहे. तिनं चार दिवस बसून बाबांच्या वह्या वाचल्या. मला म्हणाली, "मावशी, मला समजतंय, पण दर महिन्याला मी हे करू शकणार नाही. आणि बाबांसारखं नसेल तर बाबांच्या नावानं करायचं नाही." मला फार बरं वाटलं. वह्या ती सगळ्यांसाठी खुल्या करते आहे. ज्याला पुढं करायचं त्यानं घ्याव्यात आणि आपल्या नावानं करावं, आपल्या जबाबदारीवर.

इथं कितीजणांच्या घरी भाऊंचा ब्राउझर आहे? लाजू नका, हात वर करा. पाच, सहा... पंडितजी, आप भी. बरं. उद्यापासून त्या कॉम्प्युटरची इंटरनेटची तार काढून ठेवा. बाकी कामं चालू राहतील. पत्रिका छापा, नावं लिहा, फक्त बाहेर जाऊ नका. जमलं नाही तर मला बोलवा, मी येईन. माझ्या दुकानातली मी सकाळीच काढली. आता साइट पाहायला मुलाचा जुना लॅपटॉप आणला आहे. हळू आहे, पण चालेल.

पानावर ठेवायला मी चार ओळी लिहिल्या आहेत. अनघानं इंग्रजी सुधारलं. मराठीत सांगते.

"हा ब्राउझर आता पुन्हा तयार होणार नाही. तो करणारे मुकुंद पोतनीस वारले. तुमच्याकडे जो आहे त्यात एक फट उघडी आहे, तो घेऊन इंटरनेटवर जाऊ नका. हे सांगायला उशीर झाला, ती चूक माझी आहे, त्यांची नाही."

दुसरी ओळ भाऊंनी खोडली असती. म्हणाले असते, त्यांचा काय संबंध? भाऊ, संबंध आहे. कोण होतं तिकडे, ते त्यांना कळू दे. ही ओळ मी काढणार नाही.

घरी जाऊन करेन असं म्हटलं, तर पुन्हा होणार नाही. मी स्वतःला ओळखते. म्हणून फोन आणला आहे, पान उघडलेलं आहे. वहिनी, तुम्ही इकडे या. अनघा, आईला धर. बटण मीच दाबणार, मला सांगितलं होतं.

हे विचारतंय, नक्की बंद करायचं का.

हो.

झालं. मंडळी, कृपा करून उभे राहा. दोन मिनिटं कुणी बोलू नका.

मुकुंदभाऊ, बंद केलं.