भव्याच्या खोडी

भव्या : आणि वर म्हणालात, "पोरगी हट्टी आहे." ॲडमिशनला गेल्यावर असं कोण सांगतं, आज्जा?

शंभूराव : हट्टी आहेसच की. खोटं कुठे बोललो मी?

शरत : खऱ्याखोट्याचा प्रश्न नाही, अण्णा. आपण कॉलेज बघायला गेलो होतो. मी तिकडे हॉस्टेल बघतोय, आणि इकडे तुम्ही त्या कोच मॅडमसमोर उभे राहून स्वतःच्या नातीचे डिफेक्ट सांगताय. तेही बोटावर मोजून.

भव्या : हट्टी आहे. हरली की जेवत नाही. सकाळी उठवायला गेलं की अंगावर येते.

शंभूराव : "लाथ मारते" म्हणालो मी. "अंगावर येते" नाही.

भव्या : अय्यो, ते तर अजून वाईट.

शंभूराव : शरत, आधी वडे सांग. हूटगळ्ळीचा हा सिग्नल आत्ता काही मोकळा होत नाही, कंपन्यांच्या बसा सुटल्यात. बसलोच आहोत हॉटेलात, तर उपाशी पोटी भांडायचं कशाला?

शरत : सांगितलेत वडे. विषय बदलू नका. उद्या सकाळी शहरातल्या कॉलेजला हो किंवा नाही कळवायचंय. नाही कळवलं तर हिची सीट दुसऱ्या मुलीला जाईल. खरं तर आज होसकट्ट्याला आपण सुम्ने, उगाचच गेलो, तुमच्या हट्टापायी.

शंभूराव : मग पोरीचा हट्ट बाहेरून नाही आला.

शरत : मी सरळ बोलतो आता. शहरातलं कॉलेज घरापासून एका बसवर. सिंथेटिक ट्रॅक, जिम, पायाला काही झालं तर फिजिओ. आणि होसकट्टे? हुणसूरच्याही पुढे जाऊन आत वळायचं. सगळ्या कॉलेजची पोरं गोळा केली तरी हेब्बाळला आमच्या कंपनीची एक शिफ्ट भरणार नाही. मैदान मातीचं, आणि त्याच्यावर म्हशी.

शंभूराव : एकच म्हैस होती. तीही कडेने चालली होती बिचारी.

भव्या : दोन होत्या.

शरत : आणि हर्डल्स बघितलेत? गावातल्या वेल्डरकडून पाइप जोडून घेतलेले. पाय लागला की हर्डल पडायला पाहिजे, अल्लवा? तो पडतच नाही. मग मुलगी पडणार.

शंभूराव : उडी शिकवताना घोड्यापुढे पक्का बांबू लावला, की तो पाय नीट उचलतो.

भव्या : मी घोडा नाही, आज्जा.

शंभूराव : माहीत आहे. घोडा एवढं उलटून बोलत नाही.

शरत : अण्णा, सगळी नोकरी तुम्ही माउंटेड पोलिसात काढलीत, कबूल. पण जाल तिथे घोडा घेऊन जाऊ नका. आज गेल्या गेल्या मैदानाची माती उचलून हुंगलीत. मग थेट हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात. प्रिन्सिपॉल नमस्काराला हात जोडून उभे, आणि तुम्ही नाचणीच्या उकडीचा, मुद्द्याचा गोळा दाबून बघताय.

शंभूराव : चंदी कसली घालतात ते बघितल्याशिवाय पागेत जनावर बांधायचं नसतं. मुद्दा मऊ होता. सारूत डाळ होती, नुसतं पाणी नव्हतं. पाण्याची टाकी मात्र घाण. तेही सांगितलं मी प्रिन्सिपॉलना.

शरत : हो, नाव सांगायच्या आधी सांगितलंत. भव्या, तू बोल. धावायचंय तुला. तुला कुठलं कॉलेज पाहिजे?

भव्या : कुठलंही. पर्वागिल्ला, काहीही चालेल.

शरत : हेच. बेंगळुरूच्या स्पर्धेपासून हेच ऐकतोय मी. जेवायला काय करू, काहीही. कॉलेज कुठलं, कुठलंही. एक क्रॅम्प आला म्हणून कोणी एवढं मनाला लावून घेतं का?

शंभूराव : क्रॅम्प नव्हता तो.

भव्या : आज्जा, बेडा. नका सांगू.

शंभूराव : बेडा काय? मॅडमना कळलं, बापाला कळू नये? सातव्या हर्डलपाशी थांबली ही. पाय धड होते. थांबली, आणि ट्रॅक सोडून चालत बाहेर आली. मी कठड्याला टेकून बघत होतो. घोडा लंगडतो तेव्हा वेगळा थांबतो, अडतो तेव्हा वेगळा.

शरत : भव्या?

भव्या : काय झालं ते मलाच माहीत नाही, अप्पा. सहा मस्त गेले. सातवा दिसला आणि पायांनी ऐकलंच नाही. आता प्रॅक्टिसला पण तसंच होतं. सहा झाले की छातीत धडधड. भीती वाटते मला. झालं, सांगितलं.

शरत : आणि हे इतके दिवस मला का नाही सांगितलंस?

भव्या : तुम्ही नवे स्पाइक्स घेऊन दिले होते. कंपनीत सगळ्यांना माझा फोटो दाखवला होता.

शरत : स्पाइक्सचं काय घेऊन बसलीस. वेडी कुठली. मी तुझा बाप आहे की दुकानदार?

शंभूराव : वडे आले. खा. गरम आहेत तोवर खा दोघं.

शरत : थांबा, थांबा. म्हणजे अण्णा, हे सगळं तुम्ही त्या मॅडमना सांगितलंत? हर्डल्सच्या जोरावर ॲडमिशन मागायला गेलेली मुलगी हर्डलला घाबरते, असं?

शंभूराव : होय. आणि न्हाणीघरात नळ सोडून रडते तेही.

भव्या : ते तरी कशाला? मला वाटायचं, पाण्याच्या आवाजात बाहेर ऐकू येत नाही.

शंभूराव : रडणं नाही ऐकू येत. पण बादली भरून वाहायला लागली तरी नळ बंद होत नाही, तेव्हा कळतंच की माणसाला.

शरत : आयतु, संपलंच. मग मॅडम काय म्हणणार. "कळवतो" म्हणाल्या असतील.

भव्या : नाही. जयलक्ष्मी मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग आज्जांना विचारलं, "अशा वेळी तुम्ही काय करता?"

शरत : तुम्ही काय सांगितलंत?

शंभूराव : काही करत नाही म्हटलं. न्हाणीच्या दाराशी खुर्ची टाकून पेपर वाचत बसतो. बाहेर आली की ताटं घेतो.

भव्या : मला वाटायचं, तुम्ही सुम्ने बसता तिथे. उजेड चांगला आहे म्हणून.

शंभूराव : न्हाणीपाशी कसला उजेड?

शरत : पुढे काय झालं?

भव्या : तिथे सातच हर्डल होते. मॅडमनी दोन मुलींना हाक मारली आणि सातवा उचलायला लावला. भिंतीला टेकवून ठेवला. मला म्हणाल्या, "आता सहाच आहेत. तो तिथेच राहील. तुला पाहिजे तेव्हा तूच उचलून आण. या वर्षी नाही आणलास तर पुढच्या वर्षी."

शरत : आणि?

भव्या : आणि मी धावले.

शरत : कधी? मी कुठे होतो?

भव्या : हॉस्टेलचा गीझर बघत होतात. चुडीदारवरच धावले. ओढणी आज्जांकडे दिली.

शरत : म्हणून होती होय अण्णांच्या गळ्यात? मला वाटलं, घसा धरलाय.

भव्या : सहा झाले, पुढे काहीच नव्हतं. मग मी सुम्ने धावतच राहिले. त्या म्हशी बाजूला झाल्या. मॅडम हसायला लागल्या, त्या मुली पण. मग मी पण हसले.

शंभूराव : हसली. मी ऐकलं. किती दिवसांनी ऐकलं, ते नाही सांगत.

शरत : भव्या, हेच शहरातल्या कोचना सांगितलं असतं, तर त्यांनीही काहीतरी केलंच असतं. चांगला माणूस आहे तो.

भव्या : चांगलेच आहेत. टायमिंग विचारलं, उंची विचारली. म्हणाले, हर्डल्सला मुली पुष्कळ आहेत, आधी तुला रिलेत घालू, मग बघू.

शरत : मग काय वाईट आहे त्यात?

भव्या : वाईट काहीच नाही. तेच तर. रिलेत हर्डल नसतो, अप्पा. तिथे मला लपून राहता आलं असतं. तीन वर्षं कोणाला कळलं नसतं. मी हो म्हणत होते ते त्याच्यासाठी, ट्रॅकसाठी नाही.

शरत : हं.

भव्या : पण आज्जा, एक सांगा. शहरातल्या कॉलेजात तुम्ही माझी एक पण खोड सांगितली नाहीत. तिथे नुसतं कौतुक. "लाखात एक आहे" म्हणालात. मग इथेच का?

शंभूराव : तिथे मी तुला द्यायला गेलो नव्हतो.

भव्या : म्हणजे?

शंभूराव : ही आपल्या घराची रीत आहे. माझे वडील महाराजांच्या लान्सर्समध्ये स्वार होते, त्यांचे वडीलही. घोडा दुसऱ्या स्वाराच्या हाती द्यायची वेळ आली की त्याला समोर उभं करायचं. लगाम आपल्या हातात ठेवायचा आणि त्याच्या सगळ्या खोडी मोठ्याने सांगायच्या. एकही लपवायची नाही. नवा माणूस ऐकताना हसला, कंटाळला, तर घोडा परत घेऊन यायचा. आणि त्याने विचारलं, "अशा वेळी तुम्ही काय करता?", तर लगाम त्याच्या हातात द्यायचा.

शरत : आणि शहरातल्या कॉलेजात?

शंभूराव : तिथून ती रोज संध्याकाळी घरी येणार. मग द्यायचं काय त्यात? कौतुक केलं, कॉफी प्यायलो, आलो.

भव्या : म्हणजे आज तुम्ही मला देऊन आलात. मला न विचारता.

शंभूराव : तू घोडा नाहीस, तूच म्हणालीस. तू नको म्हणालीस तर विषय संपला. मी फक्त माझ्याकडून हात मोकळा केला.

भव्या : तुम्हाला मी जायला पाहिजे?

शंभूराव : पाहिजे कशाला? नको आहे मला. तू गेलीस की सकाळी उठून मी भांडायचं कोणाशी, या शरतशी? हा तर भांडणात पण मुद्दे काढून बोलतो. पण रोज पहाटे तू गेटपाशी बसून बूट घालतेस, आणि जरा वेळाने काढून ठेवतेस. ते मला बघवत नाही ग.

शरत : पलीकडचे पाय कापले पाहिजेत.

भव्या : कोणाचे?

शरत : हर्डल्सचे. त्या वेल्डरने दोन्ही बाजूंना पाय जोडलेत, म्हणून ते पडत नाहीत. पाय फक्त धावत येणाऱ्याच्या बाजूला पाहिजेत. पलीकडचे कापायचे, अलीकडे थोडं वजन द्यायचं. रविवारी ग्राइंडर घेऊन गेलो तर दिवसाचं काम आहे. ती टाकी पण धुऊन घेता येईल.

शंभूराव : म्हणजे तूही देऊन आलास.

शरत : मी फक्त हर्डलबद्दल बोलतोय. पण काय ट्रॅक होता हो, अण्णा. निळा. मी वाकून हात लावून बघितला होता. मऊ लागला.

भव्या : युनिव्हर्सिटीच्या स्पर्धा तसल्याच ट्रॅकवर होतात, अप्पा. तिथे बघायला या मला. सातवा आणला तर.

शरत : नाही आणलास तरी येईन. फक्त होसकट्ट्याच्या हॉस्टेलचा गीझर बंद आहे, आत्ताच सांगून ठेवतो. नंतर फोन करून रडायचं नाही.

भव्या : मग उद्या शहरातल्या कॉलेजला नाही म्हणून सांगा.

शरत : नक्की?

भव्या : नक्की. थांबा पण. अप्पा, तुम्ही इकडे या माझ्या बाजूला. आज्जा, तुम्ही उठा.

शंभूराव : का? कॉफी राहिलीय माझी.

भव्या : राहू दे. तिच्यात दुसऱ्यांदा साखर घातलीत, बघितलं मी. समोर उभे राहा. असे.

शरत : काय चाललंय?

भव्या : नीट ऐका, अप्पा. हे बीपीची गोळी गालात धरतात आणि तुम्ही पाठ फिरवली की कुंडीत टाकतात. शिडी लावून गच्चीवर चढतात. जेवलो म्हणतात, जेवलेले नसतात.

शंभूराव : साकु ग, पुरे. हॉटेलातली माणसं बघताहेत.

भव्या : एकही लपवायची नाही म्हणालात. हलू नका. आणि अप्पा, तुम्ही आणि आई कामावर गेलात की हे टीव्ही मोठ्याने लावतात ना, तो बघत नसतात. घरात कोणीतरी बोलत असावं म्हणून लावतात.

शंभूराव : शरत, बिल दे आणि चल. सिग्नल सुटला.

शरत : सुटू दे. भव्या, अशा वेळी तू काय करतेस?